माझ्या हसण्यानं लातुरात भूकंप

...आणि हाव, ग्रुपवर तुम्ही सगळे सांगत होते ती विनोदी सायन्स फिक्शन कादंबरी घेतली शेवटी. लई भारी हाय! सायन्सवर असं हसता येतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई.

आज अभ्यासिकेत फिजिक्सच्या पुस्तकात लपवून वाचत होतो. पृथ्वी जिंकायला आलेल्या यानाला खाली पार्किंगच मिळंना, म्हणून ते वरच घिरट्या घालून राहिलंय! मी तोंड दाबून हसलो, तर आमचा लांब बाक गदागदा हलला.

शेजारी औशाचा सलीम पेंगत होता. तो दचकून ओरडला, "भूकंप! पळा!"

लातुरात हे ऐकून कोण थांबतंय? सगळी पोरं अनवाणी रस्त्यावर.

कोचिंगचे सर सलीमवरच खवळले. "अफवा पसरवतो काय रे? उद्या अब्बांना घेऊन ये, न्हाईतर हॉस्टेलवरून सामान उचल."

"सर, बाक खरंच हलला," तो रडकुंडीला येऊन सांगत होता. मी शेजारीच उभा, कादंबरी शर्टात लपवून.

पप्पांनी मला आधीच बजावलंय, कादंबरी हातात दिसली की कोचिंग बंद, थेट गावी, बिलोलीला. आता अब्बांना सांगायची हिंमत न्हाई म्हणून सलीम बॅग भरून राहिलाय आणि माझ्यानं पुढचं पान उलटवत न्हाई.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?