वरून सुकलेला बोंबील

आमच्या दातांच्या कॉलेजातल्या मॅडम मूळच्या बोईसरजवळच्या, समुद्राकाठच्या नवापूरच्या. निळ्या लाइटने फिलिंग कडक कसं करायचं, हे त्यांनी आम्हाला बोंबलावरून शिकवलं. "वरून सुकला नि आत ओला रायला, तर वास मारतो. दातातला मसाला पण तसाच." लाइट धरून कुणी दुसरीकडे बघितलं, की त्या सरावाच्या दातातलं फिलिंग बाहेर काढून, उलटं करून तळाला सुई टोचायच्या. सुई रुतली की खूश! "हा बोंबील परत उन्हात!"

गेल्या महिन्यात दाढ भरायला त्या माझ्याच बोईसरच्या दवाखान्यात आल्या. मी केशरी चष्मा लावला, लाइट दाढेवर धरला आणि घाबरून हात जरासा सरकला. मॅडमचे डोळे मिटलेले, तोंड उघडं. तरी त्यांची दोन बोटं वर आली आणि माझं मनगट जागेवर नेऊन, लाइट विझेपर्यंत तिथेच राहिली.

मी सुई पुढे केली. "टोचून बघता?"

"वरून टोचून काय कळतंय? तळ तुझ्या भरवशावर."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आधी नुसता भाजलेला बोंबील चावल्याचा कुडुमकुडुम आवाज. मग म्हणाल्या, "सुकला हाय गो."