लेकीची राहिलेली ओटी

आमच्या घरात देवाला पाणी घालायचं काम हिचं. मी तांबट. कसबा पेठेत जन्मलो, तिथेच हातोडा धरला, तिथेच म्हातारा झालो. देवासाठी मला वेळ कधी नव्हता आणि खरं सांगायचं तर तेवढी भक्तीही नव्हती. म्हणून एके सकाळी ही दाराजवळच्या चटईवरून म्हणाली, "अहो, देवाचं आज तुम्ही बघा," तेव्हा मी ठोकायचा थांबलो. हिच्याजवळ वेगळी चादर, वेगळा तांब्या. समजायचं ते समजलो.

समजलो ते चुकीचं. हिचं महिन्याचं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. पण आमच्यात रीत अशी की बाईने चार दिवस बाजूला बसायचं आणि कुणी काही विचारायचं नाही. न विचारणं हाच त्या रीतीचा अर्धा भाग. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन ती उठली, स्वयंपाकाला लागली, आणि आम्ही दोघं तो विषय विसरलो.

मग ते पुन्हा आलं. कधी महिन्याने, कधी मध्येच. ही प्रत्येक वेळी निमूट चटईवर जाऊन बसायची. शेजारच्या वहिनी जिन्यातूनच ओरडल्या, "काय हो, आता आम्हाला पुन्हा बारशाला बोलावताय की काय?" ही तोंडाला पदर लावून हसली. उष्णता असेल असं सगळ्यांचं ठरलं. मंडईतून गुलकंद मीच आणला. घरात एखाद्या गोष्टीसाठी चटई ठरलेली असली, की तिला कुणी आजार म्हणत नाही.

आमची लेक एकुलती एक. स्टील आणि प्लास्टिकने आमचा धंदा बसवला त्या वर्षांत ही पोरगी शिकत होती. मी चौथीत शाळा सोडलेला, पण तिच्या शिक्षणात काटकसर केली नाही. पुढे ती इंजिनियर झाली, हिंजवडीला आयटीत लागली, लग्न झालं, वारज्यात फ्लॅट घेतला. पोरगी अमेरिकेची कामं कॉम्प्युटरवर करते असं मी सगळ्या आळीला सांगायचो. नेमकं काय करते ते विचारायचं नाही, असंही त्याच दमात सांगायचो.

एका रविवारी ती आली आणि दारातच थांबली.

"आई, इथे का बसलीस?"

"बसलेय. कळत नाही का तुला?"

"तुझं तर माझ्या लग्नाच्या वेळीच बंद झालं होतं."

मी म्हणालो, "उष्णता आहे. गुलकंद चालू आहे."

"बाबा, गुलकंद तुम्ही खा," असं म्हणून ती सरळ चटईवर आईला टेकून बसली.

"अगं, शिवलीस!" ही किंचाळली.

"शिवले. आता अंघोळ कर आणि उद्या माझ्याबरोबर चल."

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी आतला तुकडा काढून तपासायला पाठवला आणि काही दिवसांनी बोलावून सांगितलं, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर आहे. मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, एकदा बंद झाल्यावर पुन्हा एक डाग जरी दिसला, तरी चटईवर नाही बसायचं. इथे माझ्यासमोर येऊन बसायचं." हिने शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली. मला राग आला. कुणाचा आला, ते आजही सांगता येणार नाही.

ऑपरेशन झालं. पिशवी काढली. मला वाटलं, विषय संपला. पण टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई हिला विचारत बसल्या की माहेरी कुणाला असा आजार होता का. ही म्हणाली, "माझी आई पोटाच्या गाठीने गेली. मावशीही."

त्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश बोलल्या. काढलेल्या गाठीत एक प्रथिन गायब आहे. त्याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे ते प्रथिन तयार करणारं जनुक जन्मापासून बिघडलेलं असेल. ते आईबापाकडून येतं आणि पुढे मुलांकडे जातं. तसं असेल तर लेकीकडे आलंय की नाही, हे नाणं उडवल्यासारखं. आणि आलं असेल तर तिला कायम तपासण्या, कदाचित तिचीही पिशवी काढावी लागेल. दुसरं कारण वेगळं आहे, पण त्यासाठी आणखी एक तपासणी करायला हवी.

दुसरं कारण काय ते हिने ऐकलंच नाही. घरी येईपर्यंत ही एकच वाक्य बोलली. "आईने मला दिलं, मी हिला दिलं."

आता ओटीचं सांगतो. लेक माहेराहून निघाली की ही तिची ओटी भरल्याशिवाय कधी सोडायची नाही. हळद-कुंकू, तांदूळ, नारळ, खण. आमची लेक जीन्स घालणारी, पदर कुठून आणणार? मग ती पर्समधला रुमाल पसरून उभी राहायची आणि ही दर वेळी पुटपुटायची, "एवढा पगार, आणि एक साडी नाही नेसवत." पण ओटी भरायचीच.

त्या संध्याकाळी लेकीने निघताना रुमाल पुढे केला. हिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आई, उशीर होतोय."

"नको. माझ्या हातून नको. तुला काय देऊन बसलेय ते आधी कळू दे."

"असं काय करतेस गं?"

"घरी तुझी मुलगी वाट बघत असेल. जा."

लेकीने रुमालाची घडी घातली. जिना उतरताना तिची पावलं मध्येच थांबली, बराच वेळ थांबली, मग पुढे गेली. मी ऐरणीपाशी बसून ते ऐकत होतो. हातात हातोडा होता, पण वाजवला नाही.

तपासणीचं उत्तर यायला दिवस लागले. माझ्याकडे तेव्हा कामाची गर्दी होती. ज्यांच्या आयांनी आमची भांडी मोडीत घातली होती, त्यांचीच पोरं आता गाड्या आळीच्या तोंडाशी लावून तांब्याच्या बाटल्या मागायला यायची. हिने मात्र देवघराला हात लावला नाही. मी म्हणालो, "पिशवीच गेली, आता कसला विटाळ?" ही म्हणाली, "हा वेगळा आहे." देवाला पाणी मीच घालत राहिलो, सांडत सांडत.

लेक रविवारी येत राहिली, रिकाम्या हाताने जात राहिली.

शेवटी बोलावणं आलं. आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाई हिच्याकडेच बघून बोलल्या. "काकू, जनुक तुटलेलं नाही. धड आहे. गाठीतल्या पेशींत मात्र त्याच्यावर रासायनिक खुणा बसल्यात, आणि तशा खुणा बसल्या की जनुक गप्प होतं. ह्या जनुकाचं काम होतं पेशीतल्या चुका दुरुस्त करायचं. ते गप्प झालं, चुका साठत गेल्या." त्या खुणा बसण्याला त्या मिथायलेशन म्हणाल्या. शब्द मी तिथेच दोनदा म्हणून घेतला. अजून पाठ आहे.

मी म्हणालो, "म्हणजे भांड्याला भोक नाही. काट चढलाय."

"साधारण तसंच."

"मग चिंच लावून घासा की."

"ह्याला लागणारी चिंच अजून सापडली नाही, काका. शोधतायत."

कशाने चढला, हेही मी विचारलं. वय, वजन, शरीरातली रसायनं, असं काय काय त्या म्हणाल्या. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही म्हणाल्या. मला ते पटलं नाही. ठोका पडला म्हणजे कुठेतरी हात हवा. पण तेवढ्यात ही बोलली. कितीतरी दिवसांनी नीट आवाजात बोलली.

"म्हणजे मी हिला दिलं नाही?"

"नाही, काकू. तुमचं रक्तही तपासलं. त्यात ती खूण नाही. ती तुमच्या गाठीतच झाली आणि तिथेच राहिली."

"हिच्या मुलीला?"

"नाही."

"नक्की ना? का मला बरं वाटावं म्हणून?"

"मी बरं वाटावं म्हणून काही सांगत नाही. तुमच्या आई-मावशीचं काय होतं ते आता कुणाला कळणार नाही, म्हणून लेकीने सावध राहायचं, काही वाटलं तर लगेच यायचं. पण हे तुम्ही दिलेलं नाही."

घरी आल्याबरोबर ही पलंगावर बसली आणि मला हुकूम सुटले. "तांदूळ काढा. नारळ डब्यामागे आहे. खण वरच्या ट्रंकेत. तो नाही, हिरवा." हिला अजून वाकायची बंदी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा ओटीचं ताट लावलं. कुंकवाची कोयरी माझीच घडवलेली, पण घरात कुठे ठेवतात ते मला ठाऊक नव्हतं.

लेक पर्स उपसत होती. रुमाल नव्हता. आणायचं तिने सोडून दिलं होतं. मी खांद्यावरचा पंचा काढून दिला.

"अहो, काळाकुट्ट आहे तो," ही म्हणाली.

"आहे तो आहे. पेठेत रेशमी पंचे मिळत नाहीत."

लेक हसली, आणि हसता हसता रडायला लागली. तशीच पंचा पसरून उभी राहिली. हिने कुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. मग राहिलेल्या रविवारांचे म्हणून पुन्हा पुन्हा ओंजळ भरत राहिली, ताट रिकामं होईपर्यंत. तांदूळ जमिनीवर सांडले. एरवी सांडलेल्या एका दाण्यावरून घर डोक्यावर घेणारी बाई. त्या दिवशी तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. माहेर भरलेलं राहावं म्हणून लेक ओटीतले चार दाणे परत देते, तसे तिने दिले. ते हिने मुठीत धरून ठेवले.

पुढे काही वर्षांनी तो आजार छातीत परतला आणि हिला घेऊन गेला. पण एकटीलाच नेलं. जाताना तिला ते ठाऊक होतं.

देवाला पाणी आता मी घालतो. भक्ती अजूनही तेवढी नाही. पण सांडत नाही.