दुसऱ्या कळपातलं

बारामतीच्या आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या मदतनिसाला सगळे मामाच म्हणतात. लोणी भापकरचे, मेंढपाळांच्या घरातले. गुडघे बदलायच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी येऊन हत्यारांचे निर्जंतुक डबे ऑपरेशनच्या क्रमाने लावून ठेवतात. पूर्वी दोन गुडघे करता करता संध्याकाळ व्हायची, आता जेवणाआधी तीन होतात. डबा उघडला की मामा हात पाठीमागे बांधून, ट्रेपासून दोन हात लांब उभे राहतात, नुसतं बघतात आणि म्हणतात, "सोडा." मेंढरं चरायला सोडताना म्हणावं तसं.

मी भूलतज्ज्ञ. परवा नरसिंहपूरच्या एका आजींच्या पाठीत सुई टोचणार, एवढ्यात मामा म्हणाले, "थांबा मॅडम."

सिस्टरने यादी हातात घेऊन पुन्हा मोजलं. आकडा बरोबर भरला.

"मामा, सगळी हत्यारं आहेत की!" सिस्टर म्हणाली.

"हायती. पण त्यातलं एक दुसऱ्या कळपातलं हाय."

खरंच, डाव्या गुडघ्याच्या संचात हाड कापायचा एक साचा उजव्याचा आला होता. दिसायला अगदी तसाच. आजींचा गुडघा उघडल्यावर हे कळलं असतं तर?

"न मोजता कसं कळलं हो तुम्हाला?"

मामा लाजले. "मेंढरं कोण मोजतं मॅडम? तोंडं वळखीची असत्यात."

आता यादीवर सगळ्या खुणा झाल्या, तरी "सोडा" ऐकू येईपर्यंत माझी सुई हवेतच थांबते.