तांब्याचं वेटोळं

काल गीझर दुरुस्त करणाऱ्याने तांब्याच्या नळीला डाख दिला, आणि तापल्या तांब्याच्या त्या उग्र वासाने मला घोडपदेवच्या आमच्या चाळीतल्या खोलीत नेऊन सोडलं.

गिरणी बंद पडल्यापासून बाबा घरीच असत. आईला संधिवात, मोरीत गार पाणी अंगावर पडलं की ती कळवळायची. वेगळं पाणी तापवण्याइतकं रॉकेल नसायचं. मग बाबांनी कुठूनशी तांब्याची नळी आणली. वाकवताना चेपू नये म्हणून तिच्यात वाळू ठासली आणि डब्याभोवती गुंडाळून तिचं वेटोळं केलं. ते स्टोव्हच्या ज्योतीभोवती बसवून त्यातून पाणी सोडायचं होतं, म्हणजे स्वयंपाकाच्या आचेवरच ते तापलं असतं.

"भात शिजासर तुझा पाणी तापतला, बघ," ते म्हणायचे.

"तोवर मी जिती ऱ्हवाक व्हयी मा!" आई हसायची.

पण नळीचा सांधा गळायचा. बाबा पुन्हा डाख देत बसायचे.

एका सकाळी आई उठलीच नाही. तिला शेवटची आंघोळ घालायला शेजाऱ्यांनी गॅलरीत विटांची चूल मांडली, तेव्हा बाबा म्हणाले, "थांबा." त्यांनी स्टोव्ह पेटवला, वेटोळं बसवलं. त्या दिवशी सांधा गळला नाही. बादली भरली, तशी बाबांनी मनगट बुडवून पाहिलं आणि थोडं गार पाणी मिसळलं. "कढत सोसत नाय तिका."

निदान शेवटी तरी आईला ऊन पाणी मिळालं, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले. आता माझेही गुडघे धरतात. आज गीझरचं पाणी त्यांवर ओतलं, जरा बरं वाटलं, आणि कळलं. तिला काहीच मिळालं नव्हतं.