टाकी लावलेला शिलालेख

आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा आमच्या इतिहास मंडळाचे निम्मे सभासद गोंदियाच्या वाट्याला गेले. उरलो आम्ही मूठभर. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणत. बाकी दोन-चार हौशी माणसं आणि लुगड्यांचं दुकान सांभाळून या नादी लागलेली मी. रविवारी जीप काढायची आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाणारी गावं पालथी घालायची, जुने दगड, मूर्ती शोधायच्या. माझ्या घरचे म्हणत, बाई दगडं गोळा करायला निघाली.

मंडळात एका शब्दाला बंदी होती: बहुतेक. मी एकदा 'मूर्ती बहुतेक विष्णूची असावी' म्हणाले, तर सरांनी सगळ्यांसमोर झापलं. पुरावा असेल तर बोला, नाहीतर चहा प्या!

कोंढ्याच्या पलीकडे एका गावात, तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक शिलालेख सापडला. आम्ही दगड धुतला, अक्षरांत तांदळाचं पीठ चोळलं. सर पालथे पडून भिंगातून बघत राहिले, पण एक ओळ लागेना. ठसा घ्यायला लावलेला कागद वाऱ्याने फाटला.

"अक्षरं फार झिजलीत हो," सर गावकऱ्यांपुढे हळहळले. "थोडी खोल असती तर वाचता आली असती."

पुढच्या रविवारी चांगला कागद आणतो म्हणून आम्ही निघालो. माझ्या कॅमेऱ्यातला रोल धुऊन आला, तर सगळ्या फोटोंत नुसतं पीठ दिसत होतं.

रविवारी गेलो तेव्हा पाळीवर गाव लोटलं होतं. दगडाला झेंडूचा हार घातला होता. पोलीस पाटील हसत पुढे आले.

"गुरुजी, तुमाले दिसत नव्हतं ना, म्हणून पाट्या-वरवंट्याले टाकी लावणारा बोलावला. सारे अक्षरं खोल करून घेतले. आता पाहा!"

मी वाकून पाहिलं. अक्षरं ठसठशीत झाली होती आणि त्यातलं एकही मूळचं राहिलं नव्हतं. जिथे रेघ दिसली नव्हती तिथे टाकीवाल्याने आपल्या मनाने पुरी केली होती. आमच्या एका हळहळीपायी, आमच्यावरच्या मायेने यांनी लेख पुसून टाकला होता. मला ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडणार कुणावर? सगळे आमच्याकडे कौतुकाने बघत होते.

सर खाली बसले. त्या ताज्या घावांवरून बोट फिरवत राहिले.

"काय लिवलं हाये, गुरुजी?" पोलीस पाटलांनी विचारलं. "गाव तं बुडून राहिलं. जाच्या आंधी आमाले समजू द्या."

आता सर सगळं सांगून टाकणार, या भीतीने मी डोळे मिटून घेतले.

"या गावच्या लोकांनी आपल्या हातांनी हे तळं खोदलं," सरांचा आवाज स्वच्छ होता. "त्यांची आठवण राहावी म्हणून हा दगड लावला."

बायांनी हात जोडले. एका म्हातारीने दगडावर डोकं टेकवलं. मी सरांकडे बघतच राहिले. टाकीच्या घावांनी बसला नसेल एवढा धक्का मला त्या दोन वाक्यांनी बसला.

परतताना कारध्याच्या पुलावर मला राहवलं नाही.

"सर, लेखात खरंच तसं होतं?"

ते खाली वैनगंगेकडे बघत होते.

"बहुतेक," म्हणाले.