‘चालेल’ची पानं

आमच्या लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत पत्त्यांचा डाव पडतो. तेरा पानांत एकही चित्र नसलं, की त्या पानांना ‘चालेल’ म्हणतात. “काय आलं?” “चालेल आलं!” नवीन माणसाला वाटतं, पानं बरी असावीत. फसतो बिचारा.

शब्द बॉयलरमामांचा. बावीस वर्षं ते तळघरात बॉयलरपाशी उभे आहेत. पानं कितीही भिकार येवोत, कपाळावर आठी नाही. ‘चालेल’ म्हणायचे आणि हरायचे. भाजी खारट, चालेल. रजा रद्द, चालेल. टिंगल करता करता आम्ही तो शब्द खेळात घेतला. मामाही हसले. दुसरं काय करणार?

यंदा मात्र त्यांचे पाय इतके सुजायला लागले, की संध्याकाळी बूट निघेनात. वर माझ्या शेजारी, चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर, एक जागा रिकामी झाली होती. तिथे बसायला स्टूल मिळतं. मामींनी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं: साहेब दरवर्षी विचारतात तसं बॉयलरचं विचारलं, की ‘नाही चालणार’ म्हणायचं. मामांनी हे मला सांगितलं होतं, आणि सकाळपासून ते तेच पुटपुटत होते.

साहेब नेमके पानं वाटून झाल्यावर आले.

“काय मामा, अजून एक वर्ष बॉयलर? चालेल ना?”

मामांनी हातातल्या पानांवरून नजर उचलली नाही. “नाही चालणार.”

एकच हशा पिकला. “मामांना चित्रं आली रे! आज आपली धडगत नाही!” कुणी पाठीवर थाप मारली. साहेबही हसले, “खेळा, खेळा,” म्हणाले, हातातल्या यादीत मामांच्या नावापुढे बॉयलरची खूण केली आणि गेले. मी हसलो नाही, असं लिहायला आवडलं असतं. मला सगळं ठाऊक होतं, तरी हसलो. त्याची लाज अजून वाटते.

मामांनी पानं सुलटी टाकली. दुर्री, तिर्री, पंजी. सगळ्यात मोठी दश्शी.

“मी जाऊन साहेबांना सांगतो,” मी म्हणालो.

ते वाकून पोटऱ्या चोळत होते. “नको. ते मला बोलावतील, परत विचारतील. एकदा म्हणायलाच बावीस वर्षं लागली रे.”

घंटा झाली. मामा टेबलाला धरून उठले.

“तू फक्त संध्याकाळी घरी ये. तिला सांग, मी म्हटलं होतं.”