सायन्ना टॉवरवर चढला तो दिवस

माझी शेवटची पोस्टिंग सिकंदराबादला झाली. मी सिग्नल्समध्ये हवालदार होतो. तोवरची नोकरी लेह, तेजपूर, जैसलमेर अशी लांब लांब झाली होती आणि आता घरापासून स्कूटरच्या अंतरावर ड्यूटी होती. घर नारायणगुड्याला. वडील उदगीरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. पोस्टिंग कळल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे आता रोज घरी येऊन ऑर्डरी सोडणार." मी नाही म्हणालो. तिनं विश्वास ठेवला नाही.

ते दिवस राज्याच्या वाटणीचे होते. आंध्र प्रदेशातून तेलंगणा वेगळा होणार आणि हैदराबाद त्याच्या वाट्याला जाणार हे ठरलं होतं. शहरात जिकडेतिकडे तीच चर्चा. सरकारी कचेऱ्यांत फायली, खुर्च्या, माणसं, सगळ्यांची विभागणी चालली होती. कंट्रोल रूमही दोन होणार होत्या. पूर आला, इमारत पडली, तर मदतीला फौज बोलावतात, आणि त्या वेळी दोन्ही बाजूंशी बोलायला आमची वायरलेस लिंक लागते. ती नव्यानं उभी करायचा हुकूम आला.

जागा शहराबाहेर, एका खडकाळ टेकडीवर. हैदराबादेत राहणाऱ्याला हे खडक सांगायला नकोत. मोठाले धोंडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे. त्यांच्या मधोमध आमचा लोखंडी टॉवर आणि पायथ्याशी एक खोली. साधा वायरलेस सेट फार लांब पोचत नाही. मध्ये टेकडी आली, उंच घरं आली की आवाज तुटतो. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो एका सेटचं बोलणं घेतो आणि जोर लावून पुढे पाठवतो. आमच्याकडे जुना रिपीटर होता, म्हातारा पण इमानी. त्याच्या जागी नेटवर्कवर चालणारा नवा रिपीटर बसवायचा, सोबत राउटर आणि स्विच, आणि वर टॉवरवर छावणीतल्या एक्स्चेंजकडे तोंड करून मायक्रोवेव्हची डिश.

माझ्या हाताखाली दोघे. नायक सायन्ना हा महबूबनगरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. कमी बोलायचा, पण बोलला की समोरच्याला उत्तर सुचत नसे. गावाहून आणलेलं काळं घोंगडं तो उन्हाळ्यातही सोडत नसे. खोलीत तेच अंथरून दुपारी पाठ टेकायचा. दुसरा लान्सनायक वेंकट, राजमंड्रीजवळचा, गोदावरीच्या पाण्यावर वाढलेला. चपळ, हसरा, आणि तोंडाला कुलूप नाही. एक तेलंगणाचा, दुसरा आंध्राचा. दोघांची भांडणं तेलुगूत सुरू होत आणि मी खोलीत शिरलो की दखनीवर, म्हणजे हैदराबादी उर्दूवर, येत. मी इथं मराठीत लिहितो.

"हैदराबाद आम्हीही बांधलंय," वेंकट राउटरच्या पेटीचे स्क्रू आवळत म्हणायचा.

"तू काल चहाचा कप धुतलास का?" सायन्ना विचारायचा.

"नाही."

"मग हैदराबाद कुठून बांधलंस?"

राउटरला नाव द्यायची वेळ आली तेव्हा पुन्हा वाद. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक नाव आणि एक पत्ता द्यावा लागतो, म्हणजे कोणाचं बोलणं कोणाकडे न्यायचं ते त्याला कळतं. वेंकटला गोदावरी हवं होतं. सायन्ना म्हणाला, मग आमच्याकडची कृष्णा का नाही? मी टेकडीचा नंबर टाकला आणि एंटर दाबलं. दोघंही माझ्यावर नाराज झाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

काम शिस्तीत चाललं होतं. आधी अर्थिंग, मग रॅक, बॅटऱ्या, मग केबल. बोलण्याला एक वाट, डेटाला दुसरी, अशी स्विचची मांडणी केली. नवी लिंक पक्की होईपर्यंत जुना रिपीटर बंद करायचा नाही, असा माझा हुकूम होता. शेवटी फक्त डिश नेमकी फिरवायची राहिली.

त्या सकाळी आकाश निरभ्र होतं. वेंकट पट्टा बांधून टॉवरच्या टोकावर गेला. मी खोलीच्या दारात लॅपटॉप घेऊन बसलो. डिश योग्य दिशेला आली की पडद्यावरचा आकडा वाढतो. त्याच्याकडे एक हँडसेट, माझ्याकडे एक.

"डावीकडे. ओव्हर."

"डावीकडे. ओव्हर."

"थांब. थोडी परत आण. ओव्हर."

"हवालदारसाब, इथून हुसेनसागर दिसतो. ओव्हर."

"डिश बघ. ओव्हर."

टॉवरच्या मागे एका मोठ्या धोंड्याच्या पोटाला आग्यामोहोळ लटकलेलं होतं. आम्ही आल्या दिवसापासून ते बघत होतो. आपण त्यांना छेडलं नाही तर त्या आपल्याला छेडत नाहीत, असा हिशेब होता, आणि तो आतापर्यंत बरोबर ठरला होता. त्या सकाळी घारीएवढा एक पक्षी आला, पोळ्यावर झडप घातली, एक लचका तोडला आणि निघून गेला. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मग आवाज आला. दुरून ट्रक चढणीला लागावा तसा.

सायन्नानं मला खांद्याला धरून आत ओढलं आणि दार लावलं. तेवढ्यात माझ्या मानेला दोन डंख बसले होते. खिडकीच्या काचेवर माशा आपटू लागल्या.

हँडसेटवर वेंकट ओरडला, "माशा! हवालदारसाब, माशा!" ओव्हर म्हणायचं तो विसरला.

"तोंड छातीत घाल. हात बाहीत ओढ. हलू नको. ओव्हर."

खिडकीतून तो दिसत होता. एका हातानं तोंडावर मारत होता आणि दुसरा हात कमरेच्या हुककडे जात होता. हुक सोडून तो पटापट उतरायला बघत होता. डोळे मिटलेला, घाबरलेला माणूस, त्या उंचीवरून. खाली नुसते खडक.

मी जुन्या रिपीटरवरून छावणीला कॉल दिला. "एक जवान टॉवरवर अडकला आहे. मधमाशांचा हल्ला. अँब्युलन्स पाठवा. ओव्हर." तिकडून, "रॉजर. निघाली."

मी उठलो. माझी तयारी बघून सायन्ना दारात आडवा आला. त्यानं पँटच्या तळाशी केबलची टेप गुंडाळली होती, हातमोजे चढवले होते आणि घोंगडं डोक्यावरून घेतलं होतं.

"मी जातो," मी म्हणालो. "इथला इनचार्ज मी आहे."

"तुम्ही बोलत राहा साब. तुमचं तो ऐकतो. माझ्याशी भांडत बसेल."

आणि तो गेला. दार उघडलं तेवढ्यात पाचपन्नास माशा आत आल्या. मी चादर अंगावर ओढली आणि हँडसेट तोंडाशी धरला.

"वेंकट, हुकवरचा हात काढ. हुकूम आहे. सायन्ना वर येतोय. ओव्हर."

त्याचा हात हुकवरच राहिला.

मी तेलुगूत सुरू केलं. आईचं नाव विचारलं. घरासमोर नदी दिसते का, विचारलं. डोक्यात येईल ते विचारत होतो, कारण उत्तर देणारा माणूस हुक सोडत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. शेवटी म्हणालो, "वेंकट, हैदराबाद कोणाचं? ओव्हर."

सेटमध्ये खरखर झाली. मग सुजलेल्या ओठांतून आवाज आला, "आमचं. ओव्हर."

"पुन्हा सांग. ओव्हर."

"आमचं! ओव्हर."

त्याचा हात हुकवरून शिडीवर गेला होता.

सायन्ना एकेक पायरी चढत होता. घोंगड्यावर माशांचा थर बसला होता, काळ्यावर काळा. तो वर पोचला, वेंकटच्या पाठीमागे शिडीवर उभा राहिला आणि घोंगडं दोघांवर ओढून घेतलं. मग ते उतरू लागले. वेंकटचे डोळे पूर्ण मिटले होते. सायन्ना खालच्या पायरीवरून त्याचा एक पाय धरायचा, लोखंडावर टेकवायचा, मग दुसरा. हुक काढायचा, खाली अडकवायचा. घोंगडं धरायला हात उरला नाही की ते सरकायचं आणि सायन्नाचं तोंड उघडं पडायचं. तो थांबला नाही. वेंकटच्या हँडसेटचं बटण दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे माझ्या हातातल्या सेटवर मला सायन्नाचा आवाज येत होता. हळू, एकसारखा. मेंढरू अडचणीतून काढताना बोलतात तसा. "आता डावा. हं. आता उजवा. हं."

खोलीत आल्यावर वेंकट कोसळला. अँब्युलन्स टेकडीच्या पायथ्याला पोचली होती. दोघांना मिलिटरी हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर मला म्हणाले, वेंकट आणखी थोडा वेळ वर राहता तर काही सांगता आलं नसतं.

माशा निवल्यावर मी स्वतः वर जाऊन डिश बसवली. आकडा हवा तिथे आला. नवा रिपीटर चालू केला, जुना बंद केला. बंद करताना त्याच्यावर एकदा हात फिरवला. हॉस्पिटलातला फोनही त्याच नेटवर्कवर होता, म्हणून नव्या लिंकवरचा पहिला कॉल मी वॉर्डात लावला. दोघांच्या खाटा शेजारी. तोंडं अशी सुजलेली की कोण कोणता ते नर्सला विचारावं लागत होतं.

"लिंक कशी येते?" मी विचारलं.

"क्लिअर," वेंकट बोबड्या आवाजात म्हणाला. "साब, मला दुसरी खाट द्या. हा घोरतो."

मागून सायन्ना म्हणाला, "त्याला परत वर ठेवून येऊ का?"

राज्याची वाटणी झाली. फौजेला तिचा फरक पडला नाही. आमच्या टेकडीवरून दोन्हीकडे बोलणं जात राहिलं. मी रिटायर झालो. हिमायतनगरच्या एका दुकानात सीसीटीव्ही बसवण्याचं काम बघू लागलो. दोघांच्या बदल्या वेगवेगळ्या ठिकाणी झाल्या.

सायन्ना उत्तरेला, बर्फातल्या एका रिपीटरवर होता. वादळानं अँटेना पाडली. खालच्या चौक्यांचा संपर्क तुटला. ती उभी करायला तिघे निघाले, वाटेत हिमकडा कोसळला. दोघे वाचले. सायन्ना वाचला नाही.

मला वेंकटचा फोन आला. तो नेहमी हसत फोन करायचा. त्या दिवशी नुसतं "साब" म्हणाला. मी समजलो.

पार्थिव सिकंदराबादला आलं. तिथून त्याच्या गावी. वेंकट सुट्टी टाकून पोचला. सायन्नाचे वडील खाटेवर बसले होते. लोक येत होते, नाव सांगत होते, पुढे जात होते. वेंकट समोर उभा राहिला. म्हाताऱ्यानं विचारलं, "तू कोण, बाबा?"

वेंकटनं गावाचं नाव सांगितलं नाही, रँक सांगितली नाही. तेलुगूत म्हणाला, "तम्मुण्णि." मी त्याचा धाकटा भाऊ.

म्हातारा खाटेवर थोडा सरकला. वेंकट शेजारी बसला. पार्थिव उचलायची वेळ आली तेव्हा वडिलांनीच त्याचा हात धरून त्याला पुढच्या बाजूला उभं केलं. बिगुल वाजला. आम्ही सॅल्यूट केला.

तेव्हापासून दर वर्षी आम्ही दोघं त्या गावी जातो. गेल्या खेपेला वेंकटनं आपल्याकडून पूतरेकुलू नेले होते. तांदळाच्या पातळ पापुद्र्यांत साखर आणि तूप घालून गुंडाळलेली ती त्यांच्याकडची मिठाई. सायन्नाच्या बायकोनं, यादम्मानं, त्यातले दोन सायन्नाच्या फोटोपुढे ठेवले. मग डबा हातात घेऊन ती वेंकटकडे बघत राहिली.

"तू याआधी पण एकदा पाठवले होतेस," ती म्हणाली. "यांनी सगळा डबा एकट्यानं संपवला. आणि वर मला म्हणाले, या आंध्रावाल्यांना एवढं मोठं समुद्राकाठचं राज्य मिळालं, आणि खायला काय, तर कागद."

यादम्मा हसली. सायन्ना गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. वेंकट फोटोकडे वळला. रागानं काहीतरी उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं, मग यादम्माच्या हातातल्या डब्यातून आणखी एक काढून फोटोपुढे ठेवला.